तंबोरा मिरजेचा, मैफल परगावी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुपारच्या वेळी गेलं की एखाद्या दुकानाच्या आतल्या अंगाला कुणीतरी जवारी काढत, म्हणजे तारेचा स्वर गुंजता करत बसलेलं दिसतं. तारांखालच्या घोडीवरून कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा दोन हात फिरवायचे. मग तारेखाली दोरा सरकवायचा आणि स्वर उघडेपर्यंत तो केसभर पुढे, केसभर मागे करायचा. एका घोडीवर तास-दोन तास सहज जातात. या कामाला माप नाही, कानच प्रमाण.

गेल्या महिन्यात वडिलांचा जुना तंबोरा घेऊन मी तिथे गेलो होतो. शेजारी पाच नवे तंबोरे बांधून, परगावी निघायच्या तयारीत उभे होते. त्यातले दोन कोलकात्याला जाणार होते, बाकीचे पुण्याला आणि बंगळुरूला. मी सहज विचारलं, "चाचा, आपल्या मिरज-सांगलीचं गिऱ्हाईक किती?" हातातली कानस न थांबवता ते म्हणाले, "शिकणारी पोरं घेतात की. पण परीक्षा झाली की तंबोरा पलंगाखाली जातो. आता तर मोबाइलवरच लावतात." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. रोज बघतात तेच त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून ते पलंगाखालचे तंबोरे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, आणि ती उशिरा झाली. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या फरीदसाहेबांनी या गावात वाद्यं घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यांतला भोपळा, तुणाचं लाकूड, चपड्याचं पॉलिश आणि पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला कान, एवढ्या भांडवलावर या गल्लीने देशभरच्या गवयांच्या पाठीमागे तंबोरे उभे केले. मानांकनामुळे नक्कल करणाऱ्याला चाप बसेल, कदाचित भावही बरा मिळेल. पण ज्या गावात तंबोरा घडतो त्याच गावात तो संध्याकाळी वाजला पाहिजे, हे काही मानांकनाच्या कागदाने होणार नाही. ते काम गावाचं, म्हणजे आजच्या भाषेत सांगली-मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेचं आणि आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: शहरातलं संगीत वाढतं ते दर आठवड्याला भरणाऱ्या, शंभर माणसांच्या आतल्या, कलावंताला मानधन देणाऱ्या बैठकीतून. आपल्याकडे मोठी नाट्यगृहं आहेत, वार्षिक उत्सव आहेत, थोरांची नावं दिलेल्या वास्तू आहेत. ही बैठक तेवढी नाही.

आपल्या थोर परंपरेविषयी बोलताना आपण नावं घेतो आणि हात जोडतो. त्या नावांच्या मागे कोणती व्यवस्था होती, हे मात्र विचारत नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचारासाठी मिरजेला आणले गेले. डोळे पूर्ण बरे होण्यासारखे नव्हते. डॉक्टरांनी मुलाला गाणं शिकवायचा सल्ला दिला आणि मिरज संस्थानच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागले. यात योगायोग आहे तसा बंदोबस्तही आहे. गावात उपचार होते, गुरू राहत होते आणि शिष्याच्या जेवणाखाण्याची काळजी वाहणारी सत्ता होती. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैराण्याचे, पण त्यांनी घर केलं मिरजेत. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचं निधन झालं, तरी देह मिरजेच्या मातीत विसावला. गायिका हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला. बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीच्या रंगभूमीवर पहिलं पाऊल टाकलं तेही मिरजेतच. इकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं ते संस्थानच्या आश्रयानेच, आणि त्यातही गायन होतंच.

आश्रय, रेल्वे, दवाखाना, दर्गा, नाटक मंडळ्यांचे मुक्काम असं सगळं एकत्र आलं म्हणून इथे गाणं रुजलं. कृष्णेच्या पाण्यात काही जादू आहे म्हणून नव्हे. कारणं उलगडून सांगता येतात, म्हणजे ती पुन्हा जुळवूनही आणता येतात. मला आशा वाटते ती एवढ्याचसाठी.

आता शिकणाऱ्या मुलांकडे बघू. सांगली-मिरजेत गायन-वादनाच्या वर्गांना तोटा नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं आणि मिरजेचं नातं जुनं आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या मुलं चढत राहतात. माझी मुलगीही चढते आहे. परीक्षेच्या दिवसांत केंद्राबाहेर हार्मोनियमचे डबे आणि तबल्यांच्या पिशव्या घेतलेल्या आयांची रांग बघितली की ऊर भरून येतो. या मुलांना राग ओळखता येतो, तान घेता येते, ताल हातावर धरता येतो. पण विशारद झालेल्या मुलीला विचारा, तू परीक्षकांखेरीज अनोळखी माणसांपुढे किती वेळा गायलीस? बहुतेक वेळा उत्तर येतं, वर्गाच्या गुरुपौर्णिमेला, दहा मिनिटं. समोर बसलेले सगळे इतर मुलांचे आईवडील, आणि त्यांचं लक्ष आपापल्या मुलाचा नंबर कधी लागतो याकडे.

गाणं चार भिंतींत शिकता येतं, पिकतं मात्र श्रोत्यांपुढेच. समोरचा माणूस कंटाळला हे कळणं, तबलजीशी डोळ्यांनी बोलणं, तंबोरा उतरला तर न गडबडता पुन्हा लावून घेणं, घसा बसलेला असताना चीज निभावून नेणं, हे कोणत्याच परीक्षेच्या अभ्यासक्रमात बसत नाही. ते वीस-पंचवीस वेळा बैठकीला बसूनच येतं. आपण मुलांना दहा वर्षं शिकवतो आणि ज्या दिवशी त्यांनी गायला सुरुवात करायची त्या दिवशी दार लावून घेतो. मग ज्याला खरंच गायचं आहे तो पुण्याची वाट धरतो, आणि बाकीच्यांचा तंबोरा पलंगाखाली जातो.

कुणी म्हणेल, आपल्याकडे उत्सव आहेत की. आहेत, आणि ते आपलं भूषण आहेत. मिरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा आणि अंबाबाईच्या देवळातला नवरात्र महोत्सव, या दोन ठिकाणी मी जे ऐकलं आहे ते जन्मभर पुरेल. कलावंत तिथे हजेरी लावतात ती श्रद्धेने. 'हजेरी' हा शब्द मला फार आवडतो. त्यात मान मागणं नाही, सेवा आहे. दर्गा आणि देऊळ यांच्यामध्ये हे गाव गाण्याचा जो पूल टिकवून आहे तो कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा मोलाचा आहे आणि त्याला हातही लावू नये. पण श्रद्धेच्या जागी श्रद्धा राहू द्या आणि पोटाच्या जागी पोट. वर्षातले हे दिवस सोडले तर उरलेल्या वर्षात इथल्या तबलजीने काय करायचं? शिकवण्या करायच्या, लग्नात साथ करायची आणि रियाज जमेल तेव्हा.

जागेचा प्रश्न मी स्वतः अनुभवला आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघा-पाच मित्रांनी महिन्यातून एकदा बैठक भरवायचं ठरवलं. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं, वीज आणि ध्वनियंत्रणा धरून आकडा ऐकला आणि गप्प बसलो. शिवाय साठ माणसं त्या विस्तीर्ण सभागृहात बसली की रिकाम्या खुर्च्याच जास्त दिसतात, आणि गाणाऱ्याचा जीव तिथेच अर्धा होतो. मग एका मंगल कार्यालयाकडे गेलो. त्यांनी लग्नाच्या तिथी सोडून तारखा दिल्या आणि आयत्या वेळी त्यातल्या दोन रद्द केल्या, कारण साखरपुडा आला. एका शाळेने शिपायाच्या जादा वेळेचा प्रश्न काढला. शेवटी एका मित्राच्या वाड्यातल्या माडीवर सात बैठका झाल्या. माडीवर चढता न येणारी म्हातारी माणसं खाली जोत्यावर बसून ऐकायची. मित्राने वाडा बिल्डरला दिला आणि बैठक संपली. त्या सात बैठकांत आम्ही जे ऐकलं त्याची आठवण आजही निघते; म्हणजे ऐकणारे आहेत, गाणारेही आहेत. छत तेवढं हवं.

छत शहराकडे आहे. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. वॉर्डावॉर्डातली समाजमंदिरं कित्येकदा कुलपातच असतात. यातली तीन निवडा: एक सांगलीत, एक मिरजेत, एक कुपवाडात. नवीन बांधकाम नको, कोनशिला नको. खिडक्यांना जाड पडदे, छताला आवाज घुमू नये म्हणून साधं अस्तर, एक फूट उंचीचा लाकडी मंच, गाद्या-सतरंज्या, पाठीला त्रास असणाऱ्यांसाठी पंचवीस-तीस खुर्च्या, स्वच्छ संडास आणि पिण्याचं पाणी. बैठक सहा ते आठ. मिरजेहून सांगलीत ऐकायला आलेल्या बाईला परतताना वडापच्या गाडीसाठी रस्त्यावर उभं राहावं लागू नये, हा विचार वेळ ठरवताना झालाच पाहिजे. ऐकणाऱ्यांत बायका कमी दिसतात याचं कारण आवड नाही हे नव्हे. घरी परतायचं कसं, हे आहे.

पैशाचा हिशेब मांडतो. मुख्य कलावंताला ५,००० रुपये, दोन साथीदारांना प्रत्येकी २,५००, आणि ध्वनियंत्रणा-चहापाण्याला २,०००. एका बैठकीचे झाले १२,०००. वर्षात ४८ बैठका धरल्या तर ५ लाख ७६ हजार. तिकीट १०० रुपये ठेवलं आणि साठ माणसं आली तर एका बैठकीचे ६,०००, म्हणजे वर्षाचे २ लाख ८८ हजार. निम्मा खर्च श्रोत्यांनीच उचलला. उरलेला निम्मा शहराने घालायचा. एका ठिकाणचा हा खर्च आहे. तीन ठिकाणी केलं तर तिप्पट. एखाद्या रात्रीत होणाऱ्या झगमगाटी महोत्सवाशी ही रक्कम ताडून पाहा. त्या रात्री बाहेरून आलेला नामांकित कलावंत गाऊन जातो, आपण टाळ्या वाजवतो, मांडव निघतो. दुसऱ्या दिवशी शहरातल्या एकाही गायकाच्या आयुष्यात काही बदललेलं नसतं.

तिकिटावर मी अडून बसणार आहे. फुकट कार्यक्रमाची आपल्याला सवय लागली आहे आणि ती कलावंताच्या मुळावर येते. फुकट आलेला माणूस मध्येच उठतो, फोनवर बोलतो, पुढच्या वेळी येईलच असं नाही. ज्यांच्या नावाने आपण छाती पुढे काढतो त्या पलुस्करांनीच राजेरजवाड्यांच्या दरबारातलं गाणं तिकीट लावून सर्वसामान्यांपुढे आणण्याची वाट पाडली. १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं तेही संस्थानिकाच्या खजिन्यावर न विसंबता, लोकांच्या आधारावर. गवयाने मिंधं राहू नये, हा त्यांचा ध्यास होता. शंभर रुपयांचं तिकीट काढून बसलेला श्रोता गाणाऱ्याला तो मान देतो. विद्यार्थ्यांना वीस रुपये ठेवा, शिकणाऱ्या मुलांना एखाद्या गादीवर फुकटही बसवा. पण 'प्रवेश विनामूल्य' ही पाटी सरसकट लावू नका.

यावर येणारी हरकत मला माहीत आहे, कारण ती माझ्या घरातही आली. २०१९ चा महापूर आम्ही पाहिला आहे, २०२१ चाही. गल्लीत होड्या फिरल्या. ज्या शहरात दर पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याच्या पातळीकडे डोळे लावून बसावं लागतं तिथे गाण्याबजावण्यावर खर्च करायचा का? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला अरसिक म्हणणं चूक आहे. पण गाण्याचे पैसे पुराच्या निधीतून काढा असं कुणी म्हणत नाही. सांस्कृतिक कार्यक्रमांवर आज जे खर्च होतं ते कशावर व्हावं, एवढाच वाद आहे. आणि पुराचंच बोलायचं तर पाण्यात गेलेल्या घरांत वाद्यंही होती. भिजलेला तबला नव्याने मढवता येतो. तंबोऱ्याची तबली फुगली, सांधे सुटले की ते वाद्य पूर्वीसारखं बोलत नाही. त्या नुकसानीचा पंचनामा कुणी केला का?

दुसरी हरकत जास्त अवघड आहे. मनपाच्या हातात दिलं की कार्यक्रम कुणाचा, हे नगरसेवकाच्या ओळखीवर ठरेल. हे घडू शकतं. म्हणून निवड मनपाने करूच नये. जागा, वीज आणि निम्मा खर्च तिचा. कोण गाणार हे ठरवायला पाच माणसांची समिती, त्यात किमान दोन महिला, एक वाद्य कारागीर, एक लोककलावंत, आणि दर दोन वर्षांनी सगळे बदलायचे. कोणत्या कलावंताला किती पैसे दिले याची यादी सभागृहाच्या दारावर दर महिन्याला चिकटवायची. लोकांच्या डोळ्यांसमोर राहिलेला हिशेब सहसा बिघडत नाही.

चेन्नईचं उदाहरण मला पटतं. तिथल्या मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, शहरभरच्या सभांमधून सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालतं. दुपारच्या वेळा होतकरू मुलांच्या, बऱ्याचदा तिकिटाविना. संध्याकाळ नावाजलेल्यांची, तिकीट लावून. दुपारी तीसजणांपुढे गाणाऱ्या मुलाला संध्याकाळच्या मंचापर्यंतची वाट दिसत असते. २०१७ साली युनेस्कोने संगीताचं शहर म्हणून चेन्नईचं नाव आपल्या यादीत घेतलं, पण ही घडी त्याच्या कितीतरी आधीपासून बसलेली आहे. आपल्याकडे दहा मिनिटांच्या गुरुपौर्णिमेतून थेट महोत्सव, मधली एकही पायरी नाही.

आतापर्यंत मी तंबोऱ्याचंच बोललो, कारण माझे कान त्यावर वाढले. पण या जिल्ह्याचं संगीत ख्यालापुरतं धरलं तर मोठा अन्याय होईल. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे, आणि काळू-बाळूंचा तमाशा सांगलीजवळच्या कवलापूरचा. आटपाडी-जतकडे धनगरी ओव्या आणि गजीनृत्य अजून जिवंत आहे. गावोगावची भजनी मंडळं एकादशीला रात्र जागवतात आणि त्यांतला एखादा पखवाजी असा वाजवतो की शहरातल्या विशारदाने शिकायला जावं. ही माणसं शहराच्या मंचावर येतात ती बहुधा पुढाऱ्याच्या स्वागताला, फेटा बांधून, पाच मिनिटांसाठी. त्या ४८ बैठकांतल्या किमान बारा त्यांच्या असाव्यात. मानधन तेवढंच आणि वेळ पूर्ण दोन तास. हलगीवाला दोन तास बसून काय काय वाजवू शकतो हे आपण कधी ऐकलंच नाही, कारण आपण त्याला कायम मिरवणुकीत चालवत ठेवलं.

आणि गिटार, कीबोर्ड घेऊन फिरणारी, मराठीत रॅप लिहिणारी कॉलेजची पोरं? त्यांना बैठकीआधी तालमीची खोली हवी. ड्रमचा एक संच, दोन ॲम्प्लिफायर, तासाला पन्नास रुपये. आज ती कुणाच्या तरी गोदामात वाजवतात आणि शेजारी पोलिसांना फोन करतात.

पोलिसांचा विषय निघाला म्हणून डॉल्बीविषयी बोलतो. आपल्या भागात मिरवणूक म्हटली की डॉल्बीची भिंत, आणि ती थांबली की पुन्हा रस्त्यावरचा कुठलाही आवाज नको, अशा दोन टोकांत आपण अडकलो आहोत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. बंदिस्त सभागृहात आतल्या आत चाललेल्या कार्यक्रमाला हा रात्रीचा नियम आडवा येत नाही. म्हणजे कायद्याने छोट्या बैठकीची वाट मोकळी ठेवली आहे. तिच्यावर चालायचं राहिलं. मला तर वाटतं, ज्या मुलाला वर्षभर स्वतः वाजवायला मिळेल तो डॉल्बीपुढे नाचताना एकदा तरी कानावर हात ठेवेल. बेंजो पार्टी आणि बँडवाल्यांचं पोट या डॉल्बीने मारलं आहे. गणेश मंडळांच्या वर्गणीतला ठरावीक वाटा जिवंत वाजवणाऱ्यांसाठी राखला, तर मिरजेच्या स्वागत कमानींखालून जाणारी मिरवणूक पुन्हा ऐकण्यासारखी होईल.

एक फायदा तर आपण अजिबात वापरत नाही. मिरज जंक्शन आहे. पुण्याहून धारवाड-हुबळीकडे आणि तिकडून इकडे गाणारी माणसं सतत या फलाटावरून जातात. किराणा घराण्याचा हा जुना रस्ताच आहे. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व त्याच रस्त्यावरच्या कुंदगोळचे. धारवाडला कार्यक्रम करून परतणाऱ्या तरुण सतारियाला कुणी आधी कळवलं, एक रात्र राहायची सोय केली, सतारमेकर गल्लीत त्याच्या वाद्याची जवारी काढून दिली आणि संध्याकाळी साठ माणसांपुढे बसवलं, तर तो आनंदाने उतरेल. त्याच्या आधी अर्धा तास इथली एखादी मुलगी गाईल. तिच्या मागचा तंबोरा गल्लीने महिनाभर उसना दिलेला असेल, आणि कारागीर स्वतः तो लावायला येईल. आपण केलेलं वाद्य श्रोत्यांत बसून ऐकायला मिळणं, हे सुख त्या माणसांना किती वेळा मिळतं? चाचांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "उरुसात."

प्रभाग समितीला मी पत्र दिलं आहे. त्यात एकाच शाळेचं सभागृह मागितलं आहे, दसऱ्यापासून बारा शनिवार, सहा ते आठ. दोन सतरंज्या आणि चार लोड माझ्याकडून. पलंगाखालचा वडिलांचा तंबोरा आता काली एकच्या पट्टीत लावून ठेवला आहे, काली चारचा कुणाकडे असेल तर तो हवा आहे. सतरा जणांनी तिकिटाचे पैसे आगाऊ दिले आहेत. शिपायाच्या जादा वेळेचे पैसे आम्ही भरू, असंही पत्रात लिहिलं आहे.